लिंबाएवढ्या गारा, सिमेंटचे पत्रे आणि वर चढायला निघालेले वडील

प्रश्न थोडक्यात असा आहे. देऊळगाव राजाजवळ गावात घर, खाली स्लॅब, वर दोन खोल्या आणि त्यावर १८ वर्षांपूर्वी टाकलेले सिमेंटचे पत्रे. परवा लिंबाएवढ्या गारा पडल्या, तीन पत्र्यांना भोकं पडली, दोन-चार ठिकाणी चिरा. तेवढेच बदलायचे का सगळे, लोखंडी टाकले तर टिकतील का, सोलर बसवायचा विचार होता त्याचं काय करायचं आणि आमच्या भागात हे आता दरवर्षीचंच झालंय का. सगळ्यात शेवटी एक ओळ, "वडील म्हणतात मीच वर चढून डांबर लावतो."

मी जालन्याकडचा, फॅब्रिकेशन आणि पत्र्याची कामं करून २३ वर्षं झाली, आणि मी शेवटच्या ओळीपासूनच सुरू करतो कारण बाकी सगळ्याला वेळ आहे, त्याला नाही. वडिलांना चढू देऊ नका. आजच सांगा, शिडी शेजाऱ्याकडे ठेवून या पाहिजे तर.

लोखंडी पत्रा पायाखाली वाकतो, आवाज करतो, माणूस सावध होतो. सिमेंटचा पत्रा वाकतच नाही, तो एकदम जातो. त्यात गार वरून आदळली की चीर बऱ्याचदा खालच्या बाजूला पडते, वरून बघाल तर पांढरा ठिपकासुद्धा दिसत नाही, खालून बघितलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. २०१४ च्या त्या मोठ्या गारपिटीनंतर आमच्या हाताखाली २०-२२ वर्षांचा एक पोरगा होता, चांगला चपळ, मी खालून ओरडत होतो बोल्टच्या रांगेवरच पाय ठेव, ठेवत पण होता, एका ठिकाणी मोबाईल वाजला म्हणून अर्धा पाऊल बाजूला सरकला आणि सरळ खाली. खाली ज्वारीची पोती होती म्हणून मनगटावर निभावलं. पोती नसती तर फरशी होती. त्या दिवसापासून माझ्या कामावर सिमेंटच्या पत्र्यावर फळी टाकल्याशिवाय कोणी चढत नाही, आणि फळी पण अशी की दोन अँगलवर (पत्र्याखालच्या लोखंडी आडव्या पट्ट्यांवर) बसेल, नुसती पत्र्यावर टेकवलेली नाही. जमेल तिथं तर आम्ही वर जातच नाही, खोलीत घोडा (उभं राहायची उंच चौकट) लावून खालूनच काम करतो.

आता तुमच्या भागाचं. हो, तुमचा पट्टा गारांचाच आहे, बुलढाणा, जालना, बीड, लातूर, खाली सोलापूरपर्यंत आणि वर अकोला-अमरावतीकडे. २०१४ ला फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत जे झालं ते सगळ्यांच्या लक्षात आहे, दोन-तीन आठवडे आज इथं उद्या तिथं. मग ११ फेब्रुवारी २०१८ ला जालना, बीड, बुलढाण्यात झोडपलं. २६ नोव्हेंबर २०२३ ला तर नाशिक-नगरकडे गारा पडल्या, निफाडच्या द्राक्षवाल्यांना विचारा. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत परत आपल्याकडे. म्हणजे अमक्या महिन्यातच पडतील असं काही राहिलं नाही, तरी आपल्याकडचा मुख्य धोका फेब्रुवारी ते एप्रिल, आणि वेळ बहुतेक दुपारी तीन-चार ते संध्याकाळी सात.

कारण साधं आहे. जमीन तापायला लागलेली असते, बंगालच्या उपसागराकडून दमट वारं येतं, वरच्या थरात उत्तरेकडून थंड कोरडी हवा आलेली असते, मग दुपारी ढग सरळ उभा वाढतो. त्यात वर जाणारी हवा इतकी जोरात असते की गोठलेला थेंब खाली पडायला निघाला तरी परत वर उचलला जातो, त्याच्यावर बर्फाचे थर चढत राहतात, आणि हवेला पेलवेना झाला की खाली येतो. एखादी मोठी गार फोडून बघा, आत कांद्यासारखे थर दिसतात, एक दुधी एक काचेसारखा. पावसाळ्यात ढग एवढे असतात तरी गारा का नाहीत असं लोक विचारतात. तेव्हा बर्फ होण्याइतका थंड थर बराच वर सरकलेला असतो, खाली येईपर्यंत जे काय असेल ते वितळून जातं.

पण "पट्टा गारांचा आहे" म्हणजे "तुमच्या घरावर दरवर्षी पडणार" असं नाही. गारांचा माग अरुंद असतो, वेशीच्या अलीकडं खच आणि पलीकडं धूळ सुद्धा बसली नाही असं कितीदा बघितलंय. त्यामुळं मी गिऱ्हाईकाला असं सांगतो की पत्रा आपण २०-२५ वर्षांसाठी टाकतो, तेवढ्या काळात एकदा-दोनदा तरी मोठी गार तुमच्या घरावर येणार असं धरून चाला आणि एकदाच नीट खर्च करा. दरवर्षी घाबरायची गरज नाही.

मोठी म्हणजे किती, इथं लोकांचा अंदाज फार चुकतो. बोराएवढी गार, म्हणजे अडीच सेंटिमीटर, साधारण साडेसात ग्रॅमची असते आणि तासाला ८० किलोमीटरच्या आसपास वेगानं येते. लिंबाएवढी, साडेचार सेंटिमीटरची, जवळपास ४४ ग्रॅमची आणि वेग ११० च्या घरात. आकार दुप्पट सुद्धा झाला नाही पण वजन सहापट, आणि मार धरला तर दहापट. म्हणून "मागच्या वेळी बोराएवढ्या पडल्या तेव्हा काही झालं नाही, पत्रे चांगले आहेत" याला अर्थ नाही. हरभऱ्याएवढ्या गारांनी पीक जातं, घर नाही जात. बोरापासून फायबरचा जुना पत्रा आणि सोलर हिटरच्या नळ्या जायला लागतात. आवळा-लिंबाला सिमेंट पत्रा, कवेलू, मंगलोरी कौलं फुटतात. त्याच्या वर गेलं तर मग वाऱ्यासोबत तिरकी आली की खिडकीच्या काचा आणि गाडी पण आली त्यात.

(जुनी माळवदाची घरं ज्यांची अजून शिल्लक आहेत त्यांना गारांचं काहीच वाटत नाही, हातभर माती वर, गार रुतून बसते आणि विरघळते. गळतात ती वेगळी गोष्ट.)

तुमचे तीन पत्रे. तेवढेच बदलता येतात का, कागदावर येतात. प्रत्यक्षात सिमेंटचा एक पत्रा काढायला त्याच्यावर चढलेले आजूबाजूचे दोन उचलावे लागतात, १८ वर्षांत जे-बोल्ट (पत्रा अँगलला धरणारे आकड्याचे बोल्ट) गंजून बसलेले असतात, नट फिरत नाही, झटका दिला की शेजारचा चांगला पत्रा बोल्टच्या भोकापासून तडकतो. तीनाचे पाच होतात, पाचाचे आठ. वर नवीन पत्र्याची नाळ, म्हणजे लाट, जुन्याशी जुळेलच असं नाही, लॅपमध्ये, म्हणजे पत्रा पत्र्यावर चढतो तिथं, फट राहते आणि पावसाळ्यात तिथूनच गळणार. पत्रे सात-आठ वर्षांचे असते तर मी म्हणालो असतो बदला तेवढे. १८ वर्षांच्या पत्र्यावर मजुरी घालवू नका, जूनच्या आत सगळेच काढा. तोपर्यंत ताडपत्री, आणि ती सुद्धा पत्र्यावर दगड ठेवून नाही, खालून दोरीनं अँगलला ताणून. डांबर, एम-सील, पांढरं सिमेंट वगैरे भोकावर लावून एक पाऊस निघतो, चिरेवर तोही निघत नाही.

काढताना एक काळजी. या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. अखंड पत्रा असेपर्यंत फारसं काही नाही, पण फुटला, ग्राइंडरनं कापला, कोरडा झाडला की जे बारीक तंतू उडतात ते फुप्फुसात बसतात आणि त्रास वीस-तीस वर्षांनी निघतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पाणी मारून ओले करा, अख्खे उतरवा, वरून फेकू नका, लेकरांना त्या दिवशी मामाकडे पाठवा. तुकडे अंगणात भरावाला टाकायचे नाहीत आणि चुलीभोवती आडोशाला तर अजिबात नाही. तुकडे ओले असतानाच जाड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा आणि कुठे टाकायचे ते ग्रामपंचायतीला विचारा.

आता लोखंडी पत्रा टिकेल का. चांगला असेल तर लिंबाएवढ्या गारेनं त्याला पोचे येतात, भोक पडत नाही, हे मी शेकड्यांनी घरं बघून सांगतोय. भोकं कुठं पडलेली दिसली, तर गंजलेल्या जागी, आणि पाव मिलीमीटरचा पत्रा पाच-पाच फुटांवर अँगल ठेवून टाकलेला तिथं. म्हणजे चूक गारेची कमी आणि टाकणाऱ्याची जास्त, आणि त्यात आम्ही फॅब्रिकेशनवाले पण आलो, गिऱ्हाईक म्हणतं स्वस्तात कर, मग माणूस एक अँगल गाळतो.

माझं मत असं की घराला ०.५० मिलीमीटरच्या खाली जाऊ नका, गोठ्याला ०.४० चालेल. अँगल किंवा स्क्वेअर पाइप साडेतीन फुटांच्या आत, वळचणीला आणि आढ्याला त्याहून जवळ. दुकानात ०.५० म्हणून ०.४२ देणारे महाभाग गारपिटीनंतर गल्लोगल्ली फिरतात, तर त्यांच्यावर उपाय म्हणजे वजन. लोखंडाचा एक मिलीमीटर जाडीचा एक चौरस मीटर तुकडा ७.८५ किलोचा असतो. १० फूट लांब आणि नाळी पाडायच्या आधी ४ फूट रुंद असलेला ०.५० चा पत्रा साडेचौदा किलोच्या आसपास भरायला पाहिजे. ०.३५ चा दहा किलोच्या थोडा वर भरतो. गावातल्या काट्यावर पाच पत्रे एकदम ठेवा आणि पाचनं भागा, दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो. कोटिंगचं पण विचारा, जस्ताचा असेल तर जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त, १२० चा पत्रा आणि २७५ चा पत्रा दिसायला सारखाच दिसतो, फरक सातव्या-आठव्या पावसाळ्यात कळतो. गारेच्या पोच्यात कोटिंगला बारीक तडा गेलेला असेल तर गंज तिथूनच सुरू होतो, त्यामुळं पातळ कोटिंगच्या पत्र्यावर गारेचा हिशोब दोन वर्षांनी येतो.

तोटे पण सांगतो, नाहीतर म्हणाल धंदा करतोय. सिमेंट पत्र्याच्या मानानं लोखंडी खोली मे महिन्यात भट्टी होते. आतून बबल शीट लावा किंवा वरून पांढरा रंग, दोन्ही केलं तर उत्तम. आणि गारा पडताना आत आवाज असा होतो की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हातारी माणसं घाबरतात. त्याला इलाज नाही, खाली स्लॅबच्या खोलीत जाऊन बसायचं.

खरं तर लोखंडी पत्र्याला गारेपेक्षा तिच्याबरोबर येणाऱ्या वाऱ्याची जास्त भीती. वारा वळचणीखाली शिरतो आणि अख्खं पाखं उचलतो. स्क्रू नाळीच्या उंचवट्यावर मारा, खाली रबरी वॉशर असलेलेच घ्या, आणि कडेच्या ओळीत कंजूषी नको, पत्रा सुटायला लागतो तो नेहमी कडेपासून. पत्र्यावर दगड ठेवायची आपल्याकडची सवय तर सोडूनच द्या. दगड वाऱ्याला अडवत नाही, तो पत्र्यासोबत खाली येतो, आणि कुणाच्या तरी डोक्यात येतो. बाळाची झोळी पत्र्याच्या अँगलला बांधू नका, हे दर उन्हाळ्यात सांगतो आणि दर उन्हाळ्यात कुठंतरी बांधलेली दिसते. घरावर झुकलेलं कडुलिंबाचं झाड असेल तर फांद्या डिसेंबरातच उतरवा. अकोला जिल्ह्यात पारसला ९ एप्रिल २०२३ ला वादळी पावसात मोठं कडुलिंब टिनाच्या शेडवर पडलं आणि आडोशाला थांबलेली सात माणसं गेली. शेड आडोशाचं आहे असं आपल्याला वाटतं, वादळात ते तसं असेलच असं नाही.

अजून एक, वजन. गारा पन्हाळीत आणि दोन पाख्यांच्या खाचेत साचतात, बर्फाचा बांध होतो आणि वितळलेलं पाणी मागं चढून लॅपमधून खोलीत उतरतं, लोकांना वाटतं पत्रा फुटला. सपाट शेडवर तर जास्तच. गारांचा वीतभर नव्हे, चार बोटं थर म्हटला, दहा सेंटिमीटर धरा, तरी १० बाय १० च्या शेडवर अर्धा टन बसतो. त्यामुळं उतार द्या, आणि स्लॅबवाल्यांनी पण गच्चीच्या पाइपाची तोंडं फेब्रुवारीच्या आधी मोकळी करून ठेवा. तुमच्या खालच्या स्लॅबला गारेनं काही होत नाही, टाकीचं झाकण तेवढं बघा.

सोलर. वीज बनवणारं पॅनेल आणि पाणी तापवणारा हिटर, यात गल्लत करू नका. हिटरच्या काचेच्या नळ्या पावणेदोन मिलीमीटरच्या, त्या आवळ्याएवढ्या गारेला राहत नाहीत, आणि एक फुटली की टाकी रिकामी होते. तुमच्याकडे नळीवाला घेऊ नका, सपाट कलेक्टरवाला जाड टफन काचेचा येतो तो घ्या, महाग आहे पण घ्या. असलेला असेल तर हवामान खात्याचा गारांचा इशारा आला की जुनी गोधडी दुमडून टाका आणि बांधा, दिसायला गंमत वाटते पण काम करतं.

विजेच्या पॅनेलची चाचणी अडीच सेंटिमीटरच्या बर्फाच्या गोळ्यानं, ताशी ८३ किलोमीटर वेगानं, अकरा ठिकाणी मारून करतात. म्हणजे बोरापर्यंतची खात्री आहे, लिंबाची तेवढ्यावरून मिळत नाही. आता लोक केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटला ७८ हजार सबसिडी मिळते म्हणून भराभर लावतायत, लावा, पण विक्रेत्याला एवढं विचारा की पुढची काच ३.२ मिलीमीटरची आहे का दोन, आणि गारांनी फुटलं तर वॉरंटीत येतं का, बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असंच येईल म्हणून विम्यात घालून घ्या. तुम्ही तर नवा पत्रा टाकणारच आहात, तर स्ट्रक्चर अँगलला धरा, पत्र्याला नाही, आणि पॅनेल खालच्या स्लॅबवर मोकळी जागा असेल तर तिथंच बरं. गारपिटीनंतर काच फुटली नसली तरी आत सेलला बारीक तडे जातात, युनिट कमी पडतात, ॲपमध्ये मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. फुटलेल्या पॅनेलला हात लावू नका, ऊन आहे तोवर त्यात करंट आहे, मेन बंद केला तरी.

पंचनाम्याचं झटपट सांगतो. गारपीट सरकारी मदतीच्या यादीतली आपत्ती आहे, पण घराच्या अंशतः पडझडीला केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषानं पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये, आणि तेही किमान १५ टक्के नुकसान असेल तर. तीन पत्र्यांत १५ टक्के बसवायला तलाठ्याला सगळ्या चिरा खालून दाखवा, भोकं तर त्याला दिसतीलच. फोटो आजच काढा, शेजारी टेप किंवा रुपयाचं नाणं ठेवून. एखादी गार फ्रीजरमध्ये ठेवली असेल तर तिचा पण नाण्यासोबत काढा. घरविम्यात वादळ असतं, गार वेगळी लिहिलेली असेलच असं नाही, एजंटकडून "गारांनी पत्रा फुटला तर मिळेल" एवढं लेखी घ्या, तोंडी नको.

पत्रे टाकून झाले की एक तपासणी खालून करा. दुपारी बारा-एकला खोलीत जा, दारं-खिडक्या लावून अंधार करा, पाच मिनिटं डोळे सरावू द्या आणि वर बघा. नव्या पत्र्यात एक जरी चांदणी दिसली तर मिस्त्रीला पैसे द्यायच्या आधी दाखवा, बहुतेक वेळा चुकून मारून काढलेल्या स्क्रूचं भोक निघतं. पुढं कधी गारा पडल्या तर हीच तपासणी, खडूनं खालून खूण करायची आणि मग वर जाणाऱ्याला नेमकं कळतं कुठं जायचं.

हे काम वडिलांना द्या. खुर्ची, खडू आणि लांब काठी. एक डोळा मिटून वर बघत बसतील आणि आमच्यापेक्षा दोन भोकं जास्त शोधतील, माझ्या वडिलांनी शोधली होती.